रंगूबाईची भरपगारी रजा

दिपालीच्या बाळंतपणासाठी नागपूरला जायचं ठरलं, तेव्हा तुळशीराम भोईरच्या घरात एक गोष्ट सोडली तर सगळ्यावर एकमत झालं. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी पोरीला एवढा प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हा माहेरच उचलून नागपूरला न्यायचं होतं. डिंकाचे लाडू झाले, सुकट भाजून डब्यात भरली, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून झाली. कुंड्यांना पाणी घालायला मागच्या गल्लीतला चुलतभाऊ होता. राहिली रंगूबाई.

रंगूबाई अंबाडी नाक्याच्या आतल्या एका गावची. नवरा वारल्यावर भिवंडीत आली, कामतघरला खोली घेऊन राहिली आणि गेली कित्येक वर्षं भोईरांकडे धुणंभांडी, झाडूपोछा करत होती. बोलणं फार कमी. डिसेंबरभर घर बंद राहणार असं तुळशीरामच्या बायकोनं, माधवीनं सांगितलं, तेव्हा हातातलं पातेलं विसळता विसळता तिनं एवढंच विचारलं, "मंग ताई, मी तवर दुसरं घर बघू का?"

माधवीनं तिला उद्यापर्यंत थांबायला सांगितलं. समोरच्या बंगल्यातल्या उन्नतीचा रंगूबाईवर कधीपासून डोळा होता, आणि 'तोवर' म्हणून गेलेली बाई परत येत नाही हे तिनं दोनतीन घरांत पाहिलं होतं. शिवाय महिनाभर पगार नाही तर ही खोलीचं भाडं कुठून भरणार, हेही तिच्या मनात आलंच. त्या दिवशी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं की डिसेंबरचा पगार रंगूबाईला पुरा द्यायचा.

तुळशीरामचा घास हातातच राहिला. "कामच न्हाय तर पगार कसला?"

तो काही कंजूस माणूस नव्हता. खाडीकडची जमीन विकून त्यानं धामणकर नाक्याजवळ लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, चार गाळे बांधले होते, त्यांच्या भाड्यावर घर मजेत चालायचं. नात्यात कुणाची हळद असली की हा सगळ्यात आधी खिशात हात घालायचा. पण बसून पगार हे त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं. लाईट गेली की लूम बंद, लूम बंद की कारागिराची मजुरी बंद, सगळी भिवंडी अशीच चालते, असं त्यानं समजावून सांगितलं. माधवीनं त्याला भात वाढला. तिला पटलं होतं असं नाही, कालवण गार होत होतं.

दुसऱ्या दिवशी अन्सारी आला. चारातला एक गाळा त्याच्याकडे होता. बकरी ईद आणि बहिणीचं लग्न असा बेत जमवून तो सगळ्या कारागिरांसकट महिनाभर उत्तर प्रदेशात मऊला, आपल्या गावी निघाला होता. ओटीवर बसून त्यानं अजिजीनं विषय काढला. "सेठ, पूरा महीना ताला रहेगा. एक मीटर कपड़ा नहीं निकलेगा. भाड़ा आधा कर दो."

तुळशीरामनं त्याला चहा पाजला आणि मायेनं समजावलं. "देखो अन्सारीभाई, ताला तुम लगायेगा, पर गाला तुम्हारे वास्तेच रखेला है ना? वापस आयेगा तो जगा मंगता है ना? मैं दुसरे को दिया तो चलेगा क्या?"

अन्सारीला ते पटलं. पटलं नसतं तरी गाळा सोडायची त्याची तयारी नव्हती. पुरं भाडं मोजून तो गेला. माधवी चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी होती. तो फाटकाबाहेर पडेपर्यंत ती थांबली.

"अहो, आपण परत आल्यावर आपल्याला रंगूबाई हवीय ना?"

"हवी ना. मंग?"

"मग तिलाही आपल्यासाठीच थांबवून ठेवायचंय. दुसऱ्याकडं गेली तर चालेल का?"

तुळशीरामनं कप पुढं केला. आणखी अर्धा कप चहा मागितला. शेवटी म्हणाला, "रंगूबाय म्हंजे काय गाळा हाय का?"

"नाही ना. गाळ्याला पोट नसतं."

निघायच्या आदल्या दिवशी पगार त्यानं स्वतःच तिच्या हातात दिला, जरा तोंड फिरवून. आगाऊ पैसे आहेत, पुढं कापून घेतील, असंच रंगूबाईला वाटलं. कापायचे नाहीत हे माधवीनं तिला दोनदा सांगितलं. मग अंगण झाडायला तरी येऊ का, असं तिनं विचारलं. तेही नको म्हटल्यावर ती अवघडून उभी राहिली. "मंग मी करू काय?"

"तुला वाटेल ते कर," माधवी म्हणाली.

नागपूरला सगळं सुखरूप पार पडलं. दिपालीला मुलगी झाली, काळ्याभोर जावळाची. माधवी कामात बुडून गेली आणि तुळशीरामला काही कामच उरलं नाही. जावयाच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो सकाळी उन्हात खुर्ची टाकून संत्री सोलायचा, दुपारी खुर्ची सावलीत घ्यायचा. अशातच माधवीला उन्नतीचा फोन आला. बाळाची चौकशी झाल्यावर तिनं मुद्द्याला हात घातला. तुमची रंगूबाई भिवंडीत नाहीच, ती म्हणाली. पाहुणे आले म्हणून दोन दिवस हाताखाली बोलवायला माणूस पाठवला, तर खोलीला कुलूप. गावाला गेलीय, आणि म्हणे एक दिवसाआड अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसलेली असते.

माधवीनं हे हसत हसत सांगितलं, पण तुळशीराम तापला. माझ्या पैशावर ती अकलोलीला मजा करते, हे त्यानं तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत म्हटलं. माधवी दुपट्यांच्या घड्या घालत होती. "आणि तुम्ही इथं काय करताय?" तिनं विचारलं. त्यानं हातातलं संत्रं खाली ठेवलं आणि आपण आजोबा आहोत याची तिला आठवण करून दिली.

महिना संपायच्या बऱ्याच आधी दिपालीच्या सासूबाई आल्या. दोन खोल्यांत एवढी माणसं मावेनात, म्हणून भोईर नवराबायको परत निघाले. गाडीत तुळशीरामला एकदम काहीतरी सुचलं आणि तो खुशीत आला. भाडं भरलंय म्हणजे गाळा आपला, तो म्हणाला. उद्या अन्सारी लवकर परतला तर मी त्याला एक तारखेपर्यंत बाहेर उभं करणार आहे का? मग आपण लवकर आलो तर रंगूबाईनंही कामावर यायला हवं.

 हिशेब माधवीनंच मांडून दिलेला होता. शिवाय घरी पोचल्यावर धुळीनं पांढऱ्या झालेल्या लाद्या बघून तिलाही रंगूबाई आठवली.

पण आधी वज्रेश्वरीला जायचं होतं, मुलीच्या सुखरूप सुटकेसाठी ती नवस बोलली होती. दोन दिवसांनी तुळशीरामनं जीप काढली. देवीची ओटी भरून झाल्यावर तो म्हणाला की गाडीत बसून बसून पाठ धरलीय, अकलोलीच्या पाण्यात जरा शेकून येऊ. पाठीचं कारण अर्धंच खरं आहे हे माधवीला कळत होतं.

रंगूबाई त्यांना सहज सापडली, फक्त पटकन ओळखता आली नाही. न्हालेले केस पाठीवर मोकळे, पाय कुंडाच्या पायरीवर पाण्यात. शेजारी एक म्हातारी बसली होती आणि रंगूबाई तांब्यानं तिच्या गुडघ्यांवर ऊन पाणी सोडत होती. बाजूच्या टपरीवाल्यानं दोन कप आणून ठेवले. तिनं एकाला बोट लावून पाहिलं.

"ओ भाऊ, ह्यो चहा गार हाय. गरम करून आना."

आवाज चांगला खणखणीत होता. तुळशीराम खांद्यावरचा टॉवेल धरून तिथंच उभा राहिला. त्याच्या घरी रंगूबाईचा चहा सकाळीच सगळ्यांच्या चहाबरोबर ओतून ओट्यावर ठेवला जायचा, आणि भांडी आटोपली की ती तो पिऊन टाकायची. तो तोवर किती गार होत असेल, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात तिनं वर पाहिलं. ती इतक्या घाईनं उठली की अर्धी साडी भिजली. केस बांधले, पदर घेतला, आणि नेहमीचा बारीक आवाज परत आला. "ताई, तुमी कवा आलाव? मला म्हाईतच न्हाय. मी उद्या सकाळी येते. घर लय घान झालं असंल." असं म्हणत तिनं माधवीच्या हातातली पिशवीसुद्धा घेतली.

तुळशीरामला हवं होतं ते न मागताच मिळालं होतं. माधवी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हातारी म्हणजे रंगूबाईची आई, आक्का. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळे समोर कोण उभं आहे याचा तिला पत्ताच नव्हता. कुणीतरी बरी माणसं दिसतात, म्हणून तिनं गप्पा सुरू केल्या. ही माझी लेक, तिनं तुळशीरामला सांगितलं, भिवंडीला मोठ्या शेठकडे असते. शेठनं तिला महिनाभर रजा दिलीय, भरपगारी. इतक्या वर्षांत दोन रातींच्या वर कधी राहिली नव्हती, आता माझे गुडघे शेकवते. पण गावात कुणाला खरं वाटत नाही. हिची भावजय तर म्हणते की हिला चोरीपायी कामावरनं काढली, आणि ही लपवते.

"आक्का, गप ऱ्हा," रंगूबाई पुटपुटली. तिची मान खाली गेली होती. आक्कानं ऐकलं नाही, किंवा ऐकूनही सोडून दिलं.

तुळशीराम पायरीवर म्हातारीच्या शेजारी बसला आणि तिच्या कानाशी वाकला. "आक्का, तो शेठ मीच. रजा खरी हाय."

"पन तुमी तर आलाव," रंगूबाई म्हणाली.

"आम्ही आलो तं आलो. तुझी रजा महिना संपेपर्यंत हाय. तू एक तारखेला ये."

आक्कानं त्याला आपादमस्तक न्याहाळलं. मग म्हणाली की असं असेल तर गावात चल आणि तिथं सांग. इथं सांगून काय उपयोग?

तिला नाही म्हणणं कुणालाच जमलं नाही. पाठ शेकायची राहून गेली. आक्का पुढच्या सीटवर बसली, बायका मागं. अंबाडीच्या नाक्यावर माधवीनं भावजयीसाठी म्हणून पेढे घेतले. पुढं आतला रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला आक्का तुळशीरामला हळू चालव म्हणून रागवत होती. आयुष्यात त्याच्या गाडी चालवण्यावर एवढं कुणी बोललं नव्हतं.

जीप अंगणात शिरली तशी आठदहा माणसं जमली. आक्कानं हुकूम सोडला आणि तुळशीरामला उभ्यानं बोलावं लागलं. रंगूबाईला कुणी काढलेलं नाही, घराच्या सगळ्या किल्ल्या कुठं असतात ते तिला माहीत आहे आणि आजवर सुईसुद्धा इकडची तिकडं झालेली नाही, असं त्यानं सांगितलं. मग कुणीतरी विचारलं की काम नसताना पगार का दिला. तुळशीरामनं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "दिला," तो म्हणाला. "दर साली देनार." हे दुसरं वाक्य माधवीला नवीन होतं.

चूल पेटवायला भावजयच उठली. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं आणि भाजलेला बोंबील. जेवण झाल्यावर माधवी सवयीनं ताटं गोळा करू लागली. रंगूबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली, तिला खाटेवर बसवलं आणि सांगितलं की आमच्याकडे पाहुणे भांडी उचलत नाहीत. मग ताटं तिनं भावजयीकडे दिली आणि स्वतः माधवीशेजारी बसून बाळाबद्दल विचारू लागली. कुणावर गेलीय, रडते किती, जावळ कसं आहे. माधवी तासभर सांगत होती.

उरलेले दिवस भोईरांनी घर आपलं आपणच ओढलं. माधवी भांडी घासायची, अंगण तुळशीरामच्या वाट्याला आलं. पहिल्या सकाळी त्याला खराटा मारताना बघून उन्नती फाटकाशी आली आणि बाईचं काय झालं म्हणून विचारलं.

"रजेवर हाय," तुळशीराम म्हणाला, आणि विचारलं नव्हतं तरी पुढं सांगितलं, "भरपगारी."

उन्नती हसली आणि भोईरशेठ आता सगळ्या गल्लीला बिघडवणार असं म्हणत घरात गेली. मे महिन्यात ती महाबळेश्वरला निघाली, तेव्हा तिच्याकडच्या मैनानं पगाराचं विचारलंच. उन्नती तणतणत माधवीकडे आली, दोन कप चहा प्यायली, आणि परत जाऊन मैनाला पैसे देऊन टाकले.