पाणी थांबत नाही

माझा नवरा फरशी बसवतो. आमच्या चढाच्या गल्लीतली एकूण एक अंगणं त्याच्याच हातची. उतार असा काढतो की बादली ओतली तरी थेंब मागे राहत नाही. "आपल्या फरशीवर पाणी थांबत नाही," हे त्याचं पालुपद. नाहीच थांबत. ते सरळ गल्लीच्या तळाशी येतं, आणि तिथे आमचं घर आहे!

अंगणं मातीची होती तेव्हा पाणी जिरायचं. गटार त्याच काळातलं, इनमिन चार घरांसाठी बांधलेलं. आता गल्ली घरांनी गच्च भरलीय. पाऊसही पूर्वीसारखा दिवसभर रिपरिपत नाही, तासाभरात सगळा ओतून मोकळा होतो. गटार बिचारं गिळून गिळून किती गिळणार?

परवा पाणी सासूबाईंच्या पलंगाला लागलं. त्यांना पायांवर उभं राहता येत नाही. आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि वर नणंदेकडे नेलं. तिचं अंगण गल्लीत सगळ्यात मोठं आणि बरोब्बर आमच्या डोक्यावर. तिथली फरशी ह्यानेच लाडक्या बहिणीला हौसेने फुकट बसवून दिलेली.

पाऊस ओसरला तरी हा गप्पच. मी म्हटलं, "बोल की आता! तोंडातही फरशी बसवलीस का?"

तेव्हा कुठे बोलला, तेही बहिणीशी. "बेबी, तुझ्या अंगणातली फरशी काढतो. पाणी इथेच जिरेल, आईच्या खोलीत शिरणार नाही."

"अजिबात नाही! चिखल कोण तुडवणार? आणि बसवलीस तूच ना, दादा? तेव्हा नाही कळलं?"

नणंदेचा मला सणसणीत राग आला, पण ती खोटं बोलत नव्हती. ह्याचा चेहरा पडला. "बरं, राहू दे," तो म्हणाला. "मग पावसाळाभर आईला इथे ठेवून घे."

"उद्याच काढ फरशी," नणंद म्हणाली. "सगळी काढ."

सासूबाईंची खुर्ची दारातच होती. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून सगळं गिळलं.

"चला, उचला मला," त्या म्हणाल्या. "बरं झालं. खोलीत पाणी तरी येणार नाही."

आम्ही खुर्ची उचलली.

"रागावू नकोस गं तिच्यावर," त्या हळूच मला म्हणाल्या. "तिच्याकडे जागा तरी कुठे आहे?"

ते भलंमोठं अंगण ओलांडून आम्ही त्यांना खाली घेऊन आलो.