साठ फुटांवरचा चेहरा

फोर्टमधल्या एका जुन्या विमा कचेरीच्या दर्शनी भिंतीत तळमजल्याचे दगड खडबडीत आहेत, वरचे गुळगुळीत. तिसऱ्या मजल्यावर, रस्त्यापासून साठ फुटांवर, बारा कमानदार खिडक्या, आणि प्रत्येक कमानीच्या माथ्यावरच्या दगडात एका बाईचा चेहरा. सव्वाशे वर्षांत त्यातले तीन झिजून गेले. ते नव्याने घडवायचे काम हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत गाळा असलेल्या अंबिकाला मिळणार की नाही, हे बुधवारी चार वाजता ठरणार होते. वास्तुविशारद निशिगंधा नमुना बघायला येणार होती.

अंबिका पेणची, गणपती घडवणाऱ्या घरातली. डोळ्यांची आखणी करावी तर तिनेच. एका शाबूत चेहऱ्याचा प्लास्टरचा ठसा समोर ठेवून तिने शाडूत नमुना केला होता. ठशातले कपाळ पुढे झुकलेले, बुबुळांच्या जागी नुसती खोल भोके. तिने कपाळ सरळ केले, डोळे नाजूक कोरले.

"ज्याने केलं त्याला डोळे जमत नव्हते," ती दिराला म्हणाली.

"वहिनी, तू तेव्हा असतीस तर साहेबाने तुलाच ठेवलं असतं," स्वप्नील म्हणाला.

बुधवारी दुपारी एकला गाळ्यात रंगाची फवारणी सुरू झाली, म्हणून त्याने दोन्ही चेहरे इमारतीच्या गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवले. चहा सांगायला रस्त्यावर उतरलेल्या अंबिकाने वर पाहिले आणि ती थांबली. ठसा थेट तिच्याकडे बघत होता. भोकांत सावली साचून बुबुळे झाली होती. तिने घडवलेली बाई मात्र हनुवटी वर करून झोपलेली.

"स्वप्नील! कोरण्या गच्चीवर आण."

"आता? तीन तास राहिलेत."

"शाडू ओला आहे, तेवढ्यात होईल."

ती वर कोरत राहिली, तो खालून ओरडत राहिला.

"अजून झोपलीय!"

तिने कपाळावर शाडूचा थर चढवला, डोळ्यांत कोरणी खोल घातली.

"आता बघतेय. रागाने बघतेय, वहिनी!"

"बघू दे."

चारला निशिगंधा आली आणि लिफ्टकडे निघाली. अंबिकाने तिला रस्त्यावरच थांबवले.

"इथूनच बघा, ताई. जवळून ती इतकी ओबडधोबड दिसते की माझे वडील मला घरात घेणार नाहीत."

निशिगंधा पलीकडच्या रिक्षा स्टँडपर्यंत मागे सरकत गेली. तिथल्या रिक्षावाल्यानेही मान वर केली.

"मॅडम, वो ऊपर से कौन देख रही है?"

निशिगंधा हसली आणि अंबिकाकडे वळली.

"उरलेल्या दोघी कधी देताय?"