गाईला घातलेला लाल भात

मित्रांनो, तुमच्या घरातल्या फळीवर माझ्यासारखा एखादा असेलच. तीन पुडांचा, कडी वाकलेला, जागोजागी पोचे पडलेला स्टीलचा डबा. डब्याला कसली आली लाज, असं तुम्ही म्हणाल. पण मला आहे हो. हे सांगताना आजही झाकण घट्ट मिटून बसावंसं वाटतं.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो ते काही आठवत नाही. आठवतं ते गोंदियाच्या बाजारातलं भांड्यांचं दुकान. तिथं माझ्या पोटावर टर्रर्र करून नाव कोरलं, ‘वच्छलाला मामाकडून’. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! लग्नातली भेट म्हणून मी गोरेगावजवळच्या खेड्यात आलो. वच्छलाबाईचा नवरा चैतराम धानाची शेती करायचा. रोवणीच्या दिवसांत मी रोज त्याच्यासोबत बांधावर जायचो. भात, लाखोळीचं वरण आणि जवसाची चटणी. चैतराम बोटं चाटूनपुसून जेवायचा. संध्याकाळी वच्छलाबाई मला कानाशी धरून हलवायची आणि आतून काही वाजलं नाही की खूश व्हायची. रिकामं परत येणं हाच डब्याचा मान असतो, बरं का!

पुढे घरात रंगीत प्लास्टिकचा डबा आला आणि माझी रवानगी फळीवर झाली. पालीनं माझ्या आडोशाला अंडी घातली. मी कुरकुर केली नाही. आपले दिवस संपले, असं समजून गप्प राहिलो.

मग लेक दामिनी मोठी झाली. तिला वनरक्षक व्हायचं होतं. पण भरतीच्या मैदानावर धावताना तिला असा दम लागला की ती मधेच खाली बसली. बाजूनं कुणीतरी ओरडलं, “अरे, ट्रॅक्टर पंक्चर झाला!” सगळे खदाखदा हसले. त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही. पुढच्या भरतीआधी वजन उतरवायचंच, असं तिनं आईला रडत सांगितलं. ती सकाळी गावच्या रस्त्यावर धावायची आणि नंतर एसटीनं गोंदियाच्या अभ्यासिकेत जायची. तिच्या डब्यासाठी वच्छलाबाईनं मला फळीवरून काढलं, राखेनं घासलं. मी पुन्हा चकाकलो!

वच्छलाबाईनं गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईला विचारलं होतं, पोरीला खायला काय देऊ? ताई म्हणाली, घरचंच द्या. फक्त तांदळाला पॉलिश नको, भात जरा कमी आणि डाळ-भाजी जास्त. झालं! चैतराम धान घेऊन गिरणीवर गेला आणि तोंड पाडून परत आला.

“रामलाल गिरणीवाला चारचौघांत हासला मले,” तो म्हणाला. “म्हने, पॉलिशले पैसे नाहीत काय? पाव्हने आले तं हाच लाल भात वाढता काय?”

मित्रांनो, आमच्याकडे भात पांढराशुभ्र असला तरच घराची इज्जत राहते. बिनपॉलिशचा लालसर भात ताटात दिसला की गावभर कुजबुज होते.

“हासू द्या,” वच्छलाबाई म्हणाली. “आपल्या पोरीले पळाचं आहे.”

तेव्हापासून माझ्या पोटात लालसर भात, तुरीचं घट्ट वरण आणि परसातली आंबाडीची भाजी जाऊ लागली. मी ऐटीत निघायचो. पण अभ्यासिकेत पहिल्याच दिवशी दामिनीनं माझं झाकण अर्धवट उघडलं, आत पाहिलं आणि फटकन लावून टाकलं. शेजारी शहरातली रीता बसली होती. तिच्या हातात वजन उतरवायची पावडर कालवलेल्या दुधाची बाटली होती.

“मैं तो डाएट पे हूँ,” रीता म्हणाली. “तू काय आणलंस?”

“काही नाही. मी पण डाएटवरच आहे,” दामिनी म्हणाली.

मग ती मला घेऊन मागच्या कडुलिंबाखाली गेली. तिथं एक ढवळी गाय उभी असायची. दामिनीनं तिन्ही पुडं तिच्यापुढे उपडी केली. नळावर मला खळखळून धुतलं आणि पिशवीत लपवून आणलेली तसल्याच पावडरची बाटली पिऊन घेतली. हे रोजचंच झालं. ढवळी वेळेवर हजर राहू लागली, अंगानं चांगली तुकतुकीत झाली. इकडे दामिनीला एसटीत भोवळ यायची, सकाळी धावताना पाय लटपटायचे.

एकदा रीतानं डब्यात भात आणला आणि मिरवून सांगितलं, “ब्राऊन राइस है. इतना महँगा आता है ना पॅकेट!” दामिनी म्हणाली, “वा, मस्तच गं!” अगं वेडे, तोच तर माझ्या पोटात आहे, असं ओरडावंसं वाटलं. पण डब्याला कुठली वाचा!

संध्याकाळी वच्छलाबाई मला कानाशी धरून हलवायची. काही वाजायचं नाही. “सारं खाल्लं माह्या पोरीनं!” म्हणून ती हसायची. आयुष्यभराचा माझा तो मान, पण आता तो मला शिवीसारखा लागायचा. आत एखादं शीत तरी चिकटून राहावं, असं मी रोज मनात म्हणायचो.

एका सोमवारी वच्छलाबाई गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला गेली होती. येताना लेकीसाठी उकडलेले शिंगाडे घेऊन ती अभ्यासिकेत आली आणि पोरगी मागं गेलीय असं कळताच थेट कडुलिंबाखालीच पोहोचली. मी दामिनीच्या हातात उपडा होतो. ढवळी मचमच खात होती.

वच्छलाबाई पुढे आली. तिनं गाईच्या पाठीवर हात फिरवला. “हिनं तरी खाल्लं,” एवढंच म्हणाली. शिंगाड्यांची पुडी लेकीच्या हातावर ठेवली आणि बस पकडायला निघून गेली. मला तर मातीत गाडून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दामिनीनं मला उघडलं. आत भात होता पांढराशुभ्र, मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. सकाळी भरताना वच्छलाबाई स्वतःशीच पुटपुटली होती, “लाल भाताची लाज येत असन पोरीले. मलेच समजलं नाही.” ते मी ऐकलं होतं. दामिनीनं ऐकलं नव्हतं, पण तिला कळलं. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी माझ्या झाकणावर पडलं. त्या दिवशी ती सगळ्यांमध्ये बसून जेवली.

घरी पोहोचताच तिनं आईचा हात धरला. “माय, तो लाल भात संपला काय?”

“आहे ना. पण तुले लाज वाटते नं व?”

“भाताची नाही माय. मले माहीच लाज वाटून राहिली.” मग दोघीही चुलीपाशी बसून रडल्या.

आता दामिनी मला टेबलावर सताड उघडते. रीता आंबाडीच्या भाजीसाठी हात पुढे करते. परवा दामिनी गावच्या रस्त्यावर न थांबता धावली. वजन किती उतरलं ते मला विचारू नका, मी डबा आहे, काटा नाही. भरती अजून व्हायची आहे.

बाळांनो, डबा भरणाऱ्या हातांना फसवू नका, एवढंच मागतो. नको असेल तर तसं सांगा, पण गुपचूप उपडा करू नका. आम्हाला बोलता येत नाही हो, आम्ही नुसते रिकामे घरी येतो.

काल वच्छलाबाईनं मला हलवलं तर आत काहीतरी वाजलं. तिनं झाकण काढून पाहिलं. थोडा लाल भात उरला होता.

“काऊन व, उरवला काऊन?” ती करवादली.

“पोट भरलं माय,” दामिनी म्हणाली.

ते खरं होतं, आणि ते मला माहीत होतं.