पांढऱ्या कपड्यांची घडी

चौतीस वर्षांत इस्त्रीवाल्याच्या हातून एकही कपडा जळला नव्हता. जळला तो बायको गेल्यावर अकराव्या महिन्यात, आणि तोही परक्या पोराचा. पांढऱ्या शर्टाच्या खिशावर नावाची काळी प्लॅस्टिकची पाटी तशीच राहिली होती. कपडा टेबलावर आला की आधी खिसे चाचपायचे, पिना काढायच्या, पाणी शिंपडायचं, हे काम बायकोचं. त्याच्या हाताला ती सवयच नव्हती. इस्त्री फिरली आणि पाटी वितळून खिशाला चिकटली.

संध्याकाळी दोघं पोरं शर्ट न्यायला आली. एक उंच, एक ठेंगणा. वय विशी-एकविशीचं, गळ्यात टाय, घरदार सोडून दोन वर्षांसाठी मॉर्मन पंथाचा प्रचार करायला निघालेली. इस्त्रीवाला हात जोडून माफी मागू लागला, तर उंच पोरगा म्हणाला, "असू द्या काका, दुसरी पाटी मिळेल. तुम्ही एकटेच असता का इथे?"

वर्षभरात एवढं सरळ कुणी विचारलं नव्हतं. जो-तो "कसं चाललंय" म्हणायचा आणि उत्तराआधीच वाटेला लागायचा. इस्त्रीवाल्याचा बांध फुटला. इस्त्री गार झाली तरी तो बोलतच होता.

मग पोरं दर मंगळवारी यायला लागली. स्टुलावर बसून त्यांच्या पुस्तकातलं वाचून दाखवायची. पुष्कळसं त्याच्या डोक्यावरून जायचं. एक गोष्ट मात्र काळजात रुतली. लग्नाची गाठ मरणाने सुटत नाही, म्हणत होती पोरं. त्यांच्या मंदिरात ती बांधून घेतली की नवरा-बायको कायमची एकमेकांची.

शेजारच्या न्हाव्याला हे कळल्यावर तो वस्तरा हातात घेऊनच आला.

"अरे लेका, चार-चार बायका करतात ते! उतारवयात हौस सुचली होय?"

"एकीला धड वागवलं नाही, चौघींचं काय करू?"

तरी पुढच्या मंगळवारी त्याने विचारलंच. ठेंगणा कानापर्यंत लाल झाला. "ते शंभर वर्षांपूर्वीच बंद झालं, काका. आता कुणी केलं तर त्याला बाहेर काढतात. आम्ही जाऊ तिथे पहिला प्रश्न हाच असतो."

त्यांच्या पंथात चहा चालत नाही, आत जायचं तर तो सोडावा लागणार होता. तोही सोडला. सकाळी कपात नुसतं गरम पाणी ओतून तो खिडकीशी बसायचा. बाप्तिस्म्याचा शनिवार ठरला. पोरांनी त्या दिवशी घालायचे पांढरे कपडे आणून दिले. "यांना इस्त्री मीच करणार," असं तो म्हणाला तेव्हा तिघेही हसले.

गुरुवारी लेक आली. टेबलावरचे पांढरे कपडे पाहून तिने पिशवी खाली ठेवली.

"बाबा, खरंच जाणार तुम्ही त्यांच्यात?"

"चहा सोडून वीस दिवस झाले."

"आईने जन्मभर तंबाखू सोडा म्हणून कपाळ बडवलं, तेव्हा नाही सुटली. ही पोरं काल आली नि चहासुद्धा सुटला!"

"तुझ्या आईसाठीच सोडला ना. ती पुन्हा भेटावी म्हणून."

लेकीने टेबलावरचा पांढरा सदरा हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "आईला विचारलंत?"

तिने सहजच म्हटलं होतं, पण इस्त्रीवाल्याला बायकोचे शब्द आठवले. हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांत तो बायकोला म्हणाला होता, "पुढच्या जन्मीही मला तूच हवीस." तिने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग म्हणाली, "तेव्हा तरी मला विचाराल का?" त्याने ते हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी ती गेली. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही.

लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. दुकानात उभी केली तेव्हाही नाही. ती शर्टाची घडी घालायची, बाह्या मागे न दुमडता पुढे छातीवर आणून. तो गिऱ्हाइकांदेखत ती घडी मोडायचा आणि आपल्या पद्धतीने पुन्हा घालायचा. चौतीस वर्षं. ती तोंडातून ब्र काढत नसे, पुढच्या शर्टावर पाणी शिंपडायची.

शुक्रवारी दुपारी पोरं शनिवारची वेळ सांगायला आली. त्याने विचारलं, "ती तर तुमच्यातली नव्हती. मग गाठ कशी बांधणार?"

"आधी त्यांच्या नावाने दुसरी बाई बाप्तिस्मा घेते, काका. मग गाठ," उंच पोरगा म्हणाला. "पण जबरदस्ती नाही. ते पत्करायचं की नाही, हे तिकडे त्यांनीच ठरवायचं."

"नाही म्हणाली तर?"

"ते... त्यांच्या मर्जीवर आहे."

"आणि काय म्हणाली, ते मला कळेल?"

"इथे असेपर्यंत नाही कळत, काका."

इस्त्रीवाल्याने इस्त्रीचा प्लग काढला.

"पोरांनो, तुमचं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. तिला कुणी विचारतंय, एवढ्यानेच माझा ऊर भरून येतो. पण ती हातभरावर उभी होती तेव्हा मी विचारलं नाही. आता परक्या बाईच्या हाती निरोप धाडू? अन् खरं सांगू? ती हो म्हणेल असं मला वाटत नाही. तुमच्या देवाकडे मी दुसरं काही मागायला येत नव्हतो."

उंच पोरगा म्हणाला, "आम्ही मंगळवारी येऊ ना, काका? नुसतं बसायला?"

"या की. शर्ट आणा. खिसे तपासून आणा."

त्याने परत द्यायचा पांढरा सदरा टेबलावर पसरला. बाह्या मागे न्यायला हात सवयीने उचलला गेला, आणि थांबला. मग त्याने त्या पुढे आणल्या, एक, मग दुसरी. जमेना. बाही घसरून पडत होती. चौतीस वर्षं डोळ्यांसमोर असून ती बाही कुठे चिमटीत धरी, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला घडी कशीबशी बसली.

"आज घडी वेगळीच घातलीत," कपडे हातात घेत उंच पोरगा म्हणाला.

"मोडू नकोस," इस्त्रीवाला म्हणाला. "तशीच ने."