मंजुळाचा आकडा

मंजुळाला तो आकडा सापडला तेव्हा ती धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एकावर सात शून्यं आणि शेवटी पुन्हा एक, या संख्येला सतरानं भागलं की ५८८२३५३ येतं. आता हिचे दोन तुकडे करा: ५८८ आणि २३५३. दोन्हींचे वर्ग करा, बेरीज मांडा. परत ५८८२३५३! पोरगी वेडीच झाली की हो. तव्यावर भाकर करपली, आई ओरडली, हिला भानच नाही.

तिचे आप्पा, तोताराम सर, शाळेत गणितच शिकवायचे. त्यांनी ताळा करून पाहिला आणि खूश होऊन म्हणाले, "मासिकले धाडसूत. नाव तुनंच."

तेवढ्यात जळगावचं स्थळ आलं. मुलगा मगन, कॉलेजात गणिताचा लेक्चरर, वर हुंडा नको म्हणणारा. साखरपुडा झाला, मंजुळाचं कॉलेज सुटलं, पत्रिका वाटून झाल्या आणि मासिक आलं. आकडा तिचा, लेखावर नाव मगनचं!

"तुना आकडा शे, माले माहीत शे," सर म्हणाले. "पन जवाईले बढती भेटी. घर तं एकच ना?"

एकच म्हणे! बापाचं तोंड बघू नये असं तिला वाटलं. पण मांडव पडला होता, ती बोहल्यावर चढली.

दिवाळीनंतर जळगावात गणित शिक्षकांचं संमेलन भरलं. मगनचं त्याच आकड्यावर भाषण. सासरेबुवा धुळ्याहून एसटीनं येऊन पहिल्या रांगेत बसले, मंजुळा मागं बायकांत. भाषण छान पाठ केलेलं होतं, झकास झालं. मग अध्यक्ष उखर्डू सरांनी विचारलं, "पण असं का होतं? की नुसता योगायोग?"

मगन खडू घेऊन पुन्हा तोच भागाकार मांडू लागला. तोताराम सरांनी मागं वळून लेकीकडं पाहिलं. सांभाळून घे, असं ते बघणं. मंजुळाच्या डोक्यात तिडीक गेली. ती उठली आणि तिनं मगनच्या हातातला खडू घेतला.

"योगायोग कसला? सतरा म्हणजे चारचा वर्ग अधिक एकचा वर्ग. मोठी संख्या म्हणजे दहा हजारचा वर्ग अधिक एकचा वर्ग. सतरा मूळ संख्या, म्हणून भागाकारही दोन वर्गांचीच बेरीज होतो. आणि ५८८ ची चौपट अधिक एक बरोबर २३५३, म्हणून तुकडेही तेच निघतात." तिनं सगळं फळ्यावर मांडलं आणि ती वळली. "हा आकडा मी शोधलाय. लग्नाआधी. आप्पांना विचारा."

सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडं वळल्या. तोताराम सर उठले. त्यांनी जावयाकडं पाहिलं, मग लेकीकडं. मग हसले.

"जावईबापूंनी फार मेहनत घेतली हो तिच्यावर," ते म्हणाले. "आमच्याकडं होती तेव्हा तिला धड पाढे येत नव्हते."