बोक्याची रात्रपाळी

हा चमचा तुम्ही वाजवताय. मूठ माझ्या पोराची आहे, एवढीशी, लाळेनं चिकट झालेली, आणि पलंगाच्या लोखंडी कठड्यावर तो चमचा आपटतोही तोच — खण, खणखण, मग जरा थांबून स्वतःलाच दाद दिल्यासारखं हसू, मग पुन्हा खण — पण वाजवताय तुम्ही. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर काचेच्या केबिनमध्ये बसून पाळ्या लावणारे तुम्ही. तुम्हाला ऐकू जात नाही, एवढंच.

असं ती मनातल्या मनात म्हणाली आणि पडूनच राहिली. डोळे मिटून ठेवले तर तो कंटाळेल, झोपेल, असं तिला रोज वाटायचं, आणि रोज तो तिच्या पापणीत बोट घालायचा. आताही आला. रांगत, धापा टाकत, उशी चढून — आणि तिच्या तोंडाशी तोंड आणून बसला, दुकान उघडायची वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. "ता," म्हणाला. रडत नव्हता. रडला असता तर बरं झालं असतं. रडणाऱ्या पोराला काहीतरी हवं असतं, दूध, पाणी, कोरडं दुपटं. ह्याला काहीच नको होतं. ह्याला ती हवी होती, जागी आणि हसरी, आणि नेमकं तेवढंच तिच्याकडे शिल्लक नव्हतं.

भिंतीवर पलीकडून थाप पडली. पलीकडे बसचा ड्रायव्हर राहतो. पहाटेची पहिली गाडी त्याची. बोक्याला — रात्रीचा हिंडतो म्हणून घरात सगळे त्याला बोकाच म्हणतात — ती थाप म्हणजे कुणीतरी खेळायला आल्यासारखी वाटली. त्यानं चमच्यानं उत्तर दिलं. पलीकडून आणखी जोरात थाप. हा खिदळला, आणि त्याहून जोरात... आणि मग तिनं...

नाही. ते नको. सकाळ झाली की ते आठवायचं नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

सकाळी नवरा आला तो तेलकट, करपलेला वास घेऊन. काचेच्या भट्टीवरून आलेल्या माणसाच्या भुवयासुद्धा वास मारतात. दारातच त्यानं पिशवी टाकली, हात पुढं केले, आणि तिनं बोक्याला त्या हातांत दिलं. गेले कित्येक महिने त्यांचा संसार म्हणजे दारातली ही देवघेव. एक येतो, एक जाते, मधे पोर.

"उठला होता?"

"झोपला कधी होता ते विचार."

"मग आता झोपेल," नवरा म्हणाला, आणि खरंच बोका त्याच्या खांद्यावर मान टाकून जांभई देत होता, पाळी संपवून आलेल्या कामगारासारखी. बाप-लेक दोघंही एकदमच सुटले होते. नवऱ्यानं खिडकीवर जाड चादर अडकवली, दिवसाची रात्र केली, बोक्याच्या कमरेला मऊ पट्टा बांधून त्याचं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं — पडला तर कळावं म्हणून — आणि त्याला छातीवर घेऊन आडवा झाला. आता संध्याकाळपर्यंत दोघं घोरतील.

"दिवसा त्याला जागं ठेव ना रे," ती चपला घालता घालता म्हणाली. "थोडा वेळ तरी. चादर काढ. उजेड बघू दे त्याला."

"ठेवतो. आणि मी कधी झोपू? साच्यापुढं?"

ह्यापुढं बोलणं कधी गेलंच नव्हतं. साच्यापुढं म्हणजे काय ते तिला माहीत होतं. बाटलीचा लोखंडी साचा उघडतो, त्यात ब्रशनं तेल फिरवायचं आणि हात मागं घ्यायचा, तेवढ्यात वरून लालभडक काचेचा गोळा पडतो आणि साचा मिटतो. पुन्हा उघडतो. रात्रभर. नवऱ्याच्या जागेवर आधी जो होता त्याला आता सगळे तीनबोट्या म्हणतात; तो गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला डाव्या हातानं सलाम ठोकतो. नवऱ्याला झोप हवीच. बोक्याला झोपेपासून कोण तोडणार — उबदार छाती, अंधार, बापाचं घोरणं... तिलाच एकदा वाटलं होतं, आपणही त्या छातीवर जाऊन पडावं, कारखाना गेला खड्ड्यात.

पूर्वी पाळी फिरायची. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, असं सगळ्यांनाच थोडं थोडं मरावं लागायचं. मग वरून फर्मान आलं — रात्रीचे ते रात्रीचेच. का, तर सोयीचं पडतं. कुणाला? हे त्यात नव्हतं.

ती काम करते ती तपासणीची लांबट खोली. समोर उजेडाची पांढरी काच, तिच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकतात, औषधाच्या, लहान, तपकिरी, एकामागून एक. आणि ती बघते. चीर, बुडबुडा, खडा. सगळ्यांत वाईट म्हणजे तार. कधी कधी बाटलीच्या आतच, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेचा केसासारखा धागा ताणलेला राहतो. बाहेरून बाटली गोरीगोमटी. आत औषध भरलं की धागा तुटतो, आणि मग तो चमच्यातून कुणाच्या तरी घशात. असल्या बाटल्या वेचून फेकायच्या, हे तिचं काम. आणि तिला ते येतं, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं... मागच्या वर्षीपर्यंत.

"काय गं, आजही तुझा सूर्य रात्रीच उगवला वाटतं?" शेजारची चष्मेवाली म्हणाली. जाड काचांच्या चष्म्यातून जगातली सगळ्यांत बारीक चीर तिला दिसते, म्हणून तिला कुणी काढत नाही.

"हो."

"रडतो?"

"हसतो."

"मग नशीब काढलंस बाई! माझी कार्टी रात्रभर भोकाड पसरायची. हसणारं पोर आणि वर तक्रार? लोक नवस..." चष्मेवालीनं वाक्य सोडलं आणि डोळा मारला. "बापाच्या जागी लावून टाक त्याला कामाला. रात्रपाळीचा भत्ता तरी घेईल."

पट्ट्यावरच्या सगळ्याजणी हसल्या. तीही हसली. हसताना गाल दुखतात, हे तिला अलीकडेच कळलं होतं. दवाखान्यातली डॉक्टरीणबाईसुद्धा अशीच हसली होती — वजन छान आहे, दात येतायत, खेळकर आहे, काय हवंय आणखी तुम्हाला? — आणि तिला वाटलं होतं, जसं काही आपणच हावरट. झोप हवीय, असं बाईमाणसानं म्हणायचं असतं का कुठं? झोप म्हणजे काय दागिना आहे?

बाटली. बाटली. बाटली. उजेड पांढरा, आणि तपकिरी काचेतून दिसणारं सगळं गढूळ, उबदार... आणि त्या गढुळातून तो तळवा वर आला, तिचाच. तो तिनं बोक्याच्या तोंडावर ठेवला होता. सुरुवातीला अलगद. त्याला वाटलं हा नवा खेळ. त्यानं तळव्यात फुर्र केलं, जिभेनं गुदगुल्या केल्या, खिदळला, आणि ते खिदळणं तिच्या हाताच्या आत उड्या मारत राहिलं, बाहेर मात्र आवाज नाही — वा! आवाज नाही! — भिंत गप्प झाली, खोली गप्प झाली, आणि ती शांतता एवढी गोड होती, एवढी गार, की तिला त्यात झोप लागली. हात तसाच. लागलीच होती झोप. खोटं कशाला बोला. की लागली नव्हती? की लागली नव्हती, आणि तरीही तिनं हात...? हातात उड्या मारणारं काहीतरी थांबलं, तेव्हा ती दचकून उठली. बोका तिच्याकडे बघत होता. हसत नव्हता. त्यानं एक लांब श्वास घेतला, शिडीवरून उतरल्यासारखा टप्प्याटप्प्यानं, आणि पहिल्यांदाच, तिच्या तोंडाकडे न बघता, तिच्या हाताकडे बघितलं.

"ए! कुठं आहेस?"

चष्मेवालीचा हात तिच्या नाकासमोरून गेला आणि पट्ट्यावरची एक बाटली उचलून घेऊन आला. तिनं ती उजेडापुढं धरली. आत तार होती, लख्ख, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"ही तुझ्या डोळ्यांपुढून गेली. तू बघत होतीस तिच्याकडे." चष्मेवाली आता हसत नव्हती. "ह्याच्या आधी किती गेल्या गं?"

जेवणाच्या सुट्टीत ती वर गेली. जिन्याशेजारी एक खोली आहे, तिच्या भिंतीवर पिवळं बदक रंगवलंय. कामगारांची मुलं सांभाळायला म्हणून. बदकाच्या चोचीपर्यंत खोकी रचलेली असतात. ती बदकाकडे न बघता पुढं गेली.

साहेब डबा खात होते. वाईट माणूस नाही. उलट खुर्ची दाखवली. ती बसली नाही.

"साहेब, माझ्या नवऱ्याची पाळी फिरती करा. एक आठवड्याआड का होईना."

"का? तब्येत?"

"त्यांची नाही. बाळ रात्री झोपत नाही."

"आजारी आहे?"

"नाही."

"रडतं?"

"नाही साहेब. खेळतं."

साहेबांचा घास हातातच राहिला. पलीकडच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर केली. "खेळतं?" साहेब म्हणाले, आणि त्यांना हसू आवरेना, कारकुनालाही आवरेना. "अहो, आमचा नातू खेळत नाही म्हणून सून रडते! बाई, भट्टी कुणाच्या पोरासाठी थांबते का? ती विझली तर आतली काच दगड होते. असं करा, रात्री थोडं तुम्हीही खेळा त्याच्याशी. हे दिवस परत येत नाहीत."

तिच्या तोंडावर आलं होतं: साहेब, मी काल त्याचं तोंड दाबलं. एवढंच वाक्य. ते बाहेर पडलं असतं तर हसू जागच्या जागी गोठलं असतं. पण त्यापुढं काय? मग पाळी फिरली असती, की पोर काढून घेतलं असतं? की नुसती ती राहिली असती, जन्मभर, तोंड दाबणारी? तिनं ते वाक्य गिळलं. ते उतरताना घसा कापत गेलं.

संध्याकाळी घरी आली तेव्हा खिडकीवर चादर तशीच. बोका पट्ट्यासकट गाढ. नवरा उठून बसला होता, डोळे चोळत. तिनं दिवा लावला नाही. बोलायचं ठरवलं नव्हतं. पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता ते बाहेर पडलं, जसं काही ती भाजीचा भाव सांगतेय.

"काल रात्री मी त्याचं तोंड दाबून धरलं."

नवरा ओरडेल असं वाटलं होतं. मारेल, असंही क्षणभर वाटलं. तो बराच वेळ बोक्याच्या पोटाकडे बघत राहिला, वर, खाली, वर, खाली.

"झोपेत?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय गं?"

"म्हणजे माहीत नाही. मला खरंच माहीत नाही रे."

त्यानं मनगटावरचा पट्टा सोडला. उठला. खिडकीवरची चादर ओढून काढली. मावळता उजेड आत आला आणि बोक्यानं झोपेत कपाळाला आठ्या घातल्या. नवरा चादरीची घडी घालत राहिला, नको तितकी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून.

"उद्यापासून मी ठेवतो त्याला दिवसा जागा," तो म्हणाला. "फिरायला नेतो. खेळवतो. रात्री झोपेल मग. तूही झोपशील."

"आणि तू?"

"माझं बघू."

"बघू म्हणजे?"

"अगं, बघू म्हटलं ना!" तो पहिल्यांदाच ओरडला, आणि लगेच हळू, बोका उठू नये म्हणून, "मला सवय आहे."

भोंगा झाला. त्यानं पिशवी खांद्याला लावली, बोक्याच्या डोक्यावरून बोटं फिरवली — दहाही बोटं, तिनं पाहिलं, सगळी होती — आणि गेला. जिन्यावर त्याची पावलं उतरत गेली, जड, अर्ध्या झोपेतली, आणि ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत राहिली, आणि तिला कळलं की दिवसभर जे तिला माझं पाप वाटत होतं, माझा हात, माझी झोप, माझं कुठंतरी चुकलेलं आईपण, ते आता तिच्या अंगावरून उतरून त्याच्याबरोबर जिना उतरतंय. मी बोलले, आणि पोराच्या तोंडावरचा माझा हात काढून त्याचा हात साच्यात ठेवला. ह्यात ती कुठं निवडायला होती? तो तरी कुठं होता? निवडलं होतं आधीच कुणीतरी, जेवता जेवता, सोयीचं पडतं म्हणून.

लाज गेली होती. तिच्या जागी काहीतरी कोरडं, टणक येऊन बसलं होतं आणि ते रडत नव्हतं.

तर ऐका. मी उद्या पुन्हा वर येणार आहे, आणि गिळलेलं वाक्य तुमच्या टेबलावर, डब्याशेजारी, सगळ्यांच्या देखत ठेवणार आहे. माझं काय करायचं ते करा. पण हसण्याआधी एक सांगा. नवरा दिवसा झोपला तर पोर रात्रभर जागं, पोर रात्री झोपलं तर तो साच्यापुढं जागा राहायला झगडणार, आणि नाही झोपलं तर मी मिटलेल्या डोळ्यांनी तुमच्या बाटल्या बघणार, ज्यांतलं औषध कुणाच्या पोराच्या घशात जाईल ते तुम्हालाही ठाऊक नाही. भट्टी विझत नाही, ठीक. मग ह्या घरात झोपायचं कुणी? सांगा ना. झोपायचं कुणी?