रक्त वाढवणारी कढई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. माझे नेमके काय चुकले, हे मला आजही नीट उमगलेले नाही.

शिरपूरच्या लोहाराने मला ठोकून घडवले आणि सुनंदाबाईंनी मला आपल्या गावी आणले. वांग्याचे भरीत, शेवेची भाजी, मेथी, सारे माझ्यातच होई. माझ्यातले खाल्ले की रक्त वाढते, असे बाया एकमेकींना सांगत. खरे सांगायचे तर मी थोडी फुगलेच होते.

मग सुनंदाबाईंचा मुलगा हितेंद्र भर उमेदीत थकू लागला. बोटांचे सांधे दुखत. कपाशी थोडी निंदली की तो बांधावर बसे. रंग काळवंडला, तर उन्हाने रापला असे सारे म्हणाले. रक्त कमी झाले असणार, म्हणून सुनंदाबाई त्याला माझ्यातली भाजी आग्रहाने वाढत, वर लोहाच्या गोळ्याही देत. मी जीव ओतून शिजवत होते आणि तो खंगत होता.

शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तातले लोह तपासले. ते भलतेच जास्त निघाले, यकृतात साठत होते. घरी येताच सुनंदाबाईंनी मला चुलीवरून उतरवून कोपऱ्यात आदळले. कालपर्यंत मी औषध होते, मग आज विष कशी झाले?

त्यातच जळगावला मेहरूणमध्ये दिलेली थोरली लेक रूपाली माहेरी आली. तीही थकलेली दिसत होती. चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, असे सुनंदाबाईंना वाटले.

“तुना आंगमा रगत कमी शे,” त्या लेकीला म्हणाल्या. “हाई कढई ली जाय.”

मेहरूणला मला पुन्हा मान मिळाला, पण आनंद होईना. रूपालीची बोटेही हितेंद्रसारखीच दुखत होती, आणि मला तर बोलता येत नाही.

एक दिवस हितेंद्र तिच्याकडे आला. पुढच्या तपासणीत अंगात लोह साठत जाण्याचा त्याचा आजार जन्माचाच निघाला होता, आईवडील दोघांकडून आलेला. आता लोह उतरावे म्हणून डॉक्टर त्याचे रक्त अधूनमधून काढत. भावंडांनीही तपासून घ्यावे, असे त्यांनी बजावले होते. हे ऐकून रूपालीने मला शेगडीवरून उचलले. कढई टाकून देते म्हणजे झाले, असे ती म्हणाली.

“कढईना काही दोष नही, अक्का,” हितेंद्र म्हणाला. “हाई आपला रगतमाच शे. तू आजच तपासी ले.”

तिचेही लोह जास्तच निघाले. पण यकृत अजून शाबूत होते.

आता मी माळ्यावर असते. मित्रांनो, मला खुशाल बाजूला ठेवा, मी रुसणार नाही. पण थकलेल्या माणसाच्या पानात काही वाढण्याआधी त्याचे रक्त तपासा. माझ्यातले पानात वाढले जात राहिले, आणि रक्त खरेच कमी आहे का, हे कुणी विचारलेच नाही.